गावात विधवा प्रथा बंद करायची आहे? ठरावाच्या आधी काय करायचं आणि ठरावानंतर काय

आमच्याकडे बांगड्या 'फोडल्या' म्हणत नाहीत, 'वाढवल्या' म्हणतात. नारळ वाढवतात तशा. माझे वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं आणि मागं न्हाणीच्या दगडावर दोघीजणी आईचे हात धरून तिच्या बांगड्या वाढवत होत्या. नागपंचमीला भरलेला हिरवा चुडा होता. एक काच मनगटात शिरली. रक्त बघून मी ओरडले, तर कुणीतरी म्हणालं, "असू दे गं, आता कुणासाठी जपायचेत हात?" मी तांब्या धरून उभी होते. पाणी घालायचं काम मला दिलं होतं आणि मी ते केलं.

हा लेख त्या तांब्या धरून उभ्या राहिलेल्यांसाठी आहे. आता काहीतरी करावंसं वाटतंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी. मी बचत गटांची सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) म्हणून काम करते, म्हणजे रजिस्टर लिहिणं आणि घरोघर फिरणं हेच माझं रोजचं. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं चुकून शिकलेलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात करायचं नाही, असं त्यात म्हटलं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. १७ मे २०२२ ला राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पण या कल्पनेचं मूळ आणखी मागं, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यात आहे. तिथले कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोचं काय केलं जातंय ते डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलं, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर ही वेळ आणू नये. एका माणसानं पाहिलेलं दृश्य, त्यावरून एक कागद, त्यातून एका गावाचा ठराव, आणि मग राज्याचं परिपत्रक.

हेरवाडचा ठराव इंटरनेटवरून उतरवून, खाली आपल्या गावाचं नाव घालून पुढच्या सभेत मंजूर करून घेता येतो. तसं केलेली गावंही आहेत. तिथं ठराव कपाटात आहे आणि बांगड्या अजून वाढवल्या जातात.

सुरुवात: आपली गोष्ट, पण ती खरंच आपली आहे का?

बहुतेकींचं पाऊल इथंच चुकतं. माझंही चुकलं. बचत गटाच्या बैठकीत मी पहिल्यांदा आईची गोष्ट सांगितली. बायका रडल्या, मला वाटलं जमलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट माझ्या आधी घरी पोचली होती. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "दुखणं माझं आणि चव्हाट्यावर मांडलंस तू."

मग तिनंच सांगितलं, काय सांगायचं आणि काय नाही. "काच घुसली ते सांग. हात कुणी धरले होते त्यांची नावं घेऊ नको. एक अजून हयात आहे, आणि तिचेही असेच धरले होते कुणीतरी."

ते वाक्य ऐकेपर्यंत त्या दोघींवर माझा राग होता. नंतर तो तसा राहिला नाही, आणि त्याचा कामात फार उपयोग झाला. गावात ज्या बाया हे विधी 'नीट' करायला पुढं येतात त्या बऱ्याचदा स्वतः विधवा असतात. त्यांना गुन्हेगार ठरवून काम सुरू केलं तर पहिल्याच दिवशी सगळ्यात महत्त्वाची माणसं हातची जातात.

तर, आधी एक पान लिहा. दोन मिनिटांत वाचून होईल एवढंच. त्यात एक वस्तू असू द्या, एक वाक्य असू द्या, कुणाचं नाव नको. ज्या बाईवर ते बेतलं तिला वाचून दाखवा. ती 'नको' म्हणाली तर ते पान फाडा आणि स्वतःचं लिहा, म्हणजे तुम्ही तिथं उभ्या होतात तेव्हा तुम्ही काय केलंत ते. 'अनिष्ट रूढी', 'समाजाला लागलेला कलंक' असले शब्द भाषणातले आहेत. ते ऐकले की बायका पदर सावरतात आणि घड्याळ बघतात.

मग ऐकायचं, आणि बराच काळ ऐकायचं

सरपंचाकडं इतक्यात जाऊ नका. तो माणूस चांगला असला तर लगेच 'करून टाकू' म्हणेल, आणि तिथंच काम बसेल.

गावातल्या विधवांची यादी आशाताई आणि अंगणवाडीताईकडं तोंडपाठ असते. एकेकीकडं जा, शक्यतो दुपारी, घरातले पुरुष रानात असताना. मी तीन गोष्टी विचारायचे. त्या दिवशी तुमच्याबरोबर काय काय केलं? त्यातलं काय नको होतं? आणि आज काय हवंय?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मला अपेक्षित नव्हती. कुंकवाचं नाव फार थोड्या जणींनी काढलं. एक म्हणाली, माझ्या पोराच्या हळदीला मला मागच्या खोलीत बसवलं, हळद लावली ती माझ्या जावेनं. दुसरी म्हणाली, सातबाऱ्यावर अजून मेलेल्या नवऱ्याचंच नाव आहे, सोसायटीचं कर्ज मिळत नाही. एकीनं नुसतं म्हटलं, "रात्री दाराला आतून लावायला चांगली कडी पाहिजे." त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

आणि एक आजी म्हणाल्या, मला कुंकू नको. त्यांच्याबरोबर गेलं, ते तिथंच राहू दे. मी तेव्हा नवीन होते, वाद घातला. पाऊण तास समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तेव्हा पुसायला लावलं, आता लावायला लावतेस. मला विचारणारी कोण हाय का नाही?" त्या रात्री मी ठरावाच्या मसुद्यातला 'विधवांनी कुंकू लावावे' हा मुद्दा खोडला आणि तिथं लिहिलं: तिच्या इच्छेविरुद्ध काहीही काढले जाणार नाही व लादले जाणार नाही.

या फेऱ्यांना मला अडीच महिने लागले. लागू द्या.

पुरुषांकडून लिहून घ्या

झिंजाड्यांची युक्ती इथं कामाला येते. गावातल्या दहा-बारा विवाहित पुरुषांनी लिहून द्यायचं: 'माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीचे कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी कोणीही काढू नये. ती काय ठेवेल हे तीच ठरवेल. ही माझी इच्छा आहे.' खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. साध्या कागदावर चालेल, स्टॅम्पवर केलं तर वजन वाढतं. एक प्रत बायकोच्या ट्रंकेत, एक भावाकडं.

कोर्टात या कागदाचं काय होईल ते सोडा, त्याचं काम घरात आहे. आपल्याकडं जिवंत माणसाचा शब्द सहज मोडतात, मेलेल्याची इच्छा मोडायला सगळे घाबरतात. दहाव्याला कावळा शिवला नाही तर 'त्यांची कसली इच्छा राहिली' म्हणून अर्धा गाव ताटकळतो की नाही? तीच भीती इथं आपल्या बाजूनं उभी करायची. अंधश्रद्धेचा वापर केला म्हणून कुणी मला बोल लावला तर ऐकून घेईन.

पहिला कागद तुमच्या घरातल्या पुरुषाचा हवा. नवरा, भाऊ, सासरे, जो असेल तो. ते जमत नसेल तर गावाला सांगायला अजून थांबा.

ग्रामसभा

इथं नियम माहीत असले पाहिजेत, नाहीतर तुम्हाला तीन सभा फिरवतील.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आगेमागे त्या होतात. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. कागदावर ती होतेच. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अंगणवाडीताईकडून रजिस्टरवर सह्या गोळा केल्या जातात. तुमचं पहिलं काम म्हणजे ही सभा खरी भरवणं. बचत गटांचा मासिक बैठकीचा दिवस आणि महिला सभेचा दिवस जुळवून घ्या, बायका आपोआप जमतील.

विषय कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवा. 'ऐनवेळच्या विषयांत घेऊ' असं म्हणतील, त्यावर राजी होऊ नका. ऐनवेळचा विषय येईपर्यंत निम्मी सभा उठून चहाला गेलेली असते. सभेची नोटीस साधारण सात दिवस आधी लागते, म्हणून त्याच्याही आठ-दहा दिवस आधी ग्रामसेवकाकडं लेखी अर्ज द्या. (पदाचं नाव हल्ली बदललंय, पण गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात.) अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का-तारखेची पोच घ्या. तोंडी 'हो हो' ला काही किंमत नाही.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्यामुळं पहिल्या सभेला माणसं आली नाहीत म्हणून नाराज होऊ नका, दुसरीला आपल्या बायका घेऊन जा. आमचा ठराव तहकूब सभेतच झाला. त्या दिवशी वीजही गेली होती. पंखा बंद पडल्यावर विरोध करणारे दोघं बाहेर जाऊन उभे राहिले, बायका बसून राहिल्या.

सूचक आणि अनुमोदक दोघीही बायका असाव्यात, आणि त्यातली किमान एक विधवा असावी. पुरुषानं मांडलेला ठराव लवकर मंजूर होतो हे मलाही माहीत आहे. पण पुढं मयताच्या घरी जाऊन उभं राहायचं असतं, आणि 'हा ठराव मी मांडलाय' असं म्हणणारी बाई तिथं लागते.

ठराव इतपत पुरतो:

'आमच्या गावात पतीच्या निधनानंतर कोणत्याही स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र, जोडवी काढणे, बांगड्या फोडणे हे तिच्या इच्छेविरुद्ध केले जाणार नाही व तिच्यावर काही लादलेही जाणार नाही. हळदी-कुंकू, लग्नकार्य, पूजा व गावच्या सार्वजनिक कार्यक्रमांत तिला इतर स्त्रियांप्रमाणेच मान असेल. निधनानंतर ३० दिवसांत वारस नोंद व शासकीय योजनांचे अर्ज भरण्यास ग्रामपंचायत मदत करील. अंमलबजावणीसाठी पाच महिलांची समिती नेमण्यात येत आहे.'

दंडाचं कलम घालू नका. ग्रामपंचायतीला अशा कारणासाठी दंड करता येतो की नाही यावर वाद लावून लोक मूळ विषय बुडवतात. शेवटची दोन वाक्यं मात्र कुणी कितीही म्हटलं तरी काढू देऊ नका. ठराव झाल्यावर त्याची खरी नक्कल मागून घ्या आणि लॅमिनेट करा. ती पुढं हातात धरून उभं राहायचंय, आणि पावसाळ्यातही माणसं मरतात.

शहरात ग्रामसभा नाही. तिथं भावकी, समाजाचं मंडळ, चाळीची किंवा सोसायटीची बैठक यातलं जे चालतं तिथं हाच मजकूर न्या. कागदाचं वजन कमी पडेल, बाकी काम तेच.

सभेत काय काय ऐकायला मिळतं

'आपली परंपरा आहे.' यावर मी एकच गोष्ट सांगते. दीडशे वर्षांपूर्वी विधवांचं मुंडण ही सुद्धा परंपराच होती. १८९० च्या सुमाराला कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायला नकार दिला आणि संप केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. आज गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, सुनेचं मुंडण करशील का? तो तुम्हालाच वेड्यात काढील.

'हे शिकलेल्यांचं खूळ आहे.' मग पंडिता रमाबाईंचं सांगा. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा पदरात लहान मुलगी होती, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांना शिकवण्यासाठी. तिथंच शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी (पुढं त्यांना 'बाया' म्हणत) धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं. स्वतः विधुर होते, कुमारिकेशी लग्न सहज झालं असतं. विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, पुढं कर्व्यांनी हिंगण्याला काढलेल्या विधवांच्या आश्रमासाठी निधी गोळा करायला अमेरिकेपर्यंत गेल्या. खूळ खरं, पण ज्यांनी भोगलं त्यांचं.

'बायकांनाच हे पाहिजे असतं.' याला उत्तर देऊ नका. शेजारी बसलेल्या विधवेकडं बघा आणि थांबा. ती बोलेल. नाही बोलली तर ती शांतता सभेला ऐकू द्या.

ज्या दिवशी खरंच कुणी जातं

सगळं काम या दिवसासाठी आहे. आमच्याकडं प्रेत उचलायच्या आधी बांगड्या वाढवतात, काही समाजांत दहाव्याला, काहींत घाटावर. तुमच्या गावात कुठल्या घरी कधी करतात ते समितीला आधीच माहीत हवं. बहुतेकदा सगळा प्रकार दहा मिनिटांत उरकतो. तुम्ही अकराव्या मिनिटाला पोचलात तर लॅमिनेट केलेला ठराव घेऊन सांत्वन करायला आलात, एवढंच.

म्हणून फोनची साखळी. पाच जणी, शक्यतो वेगवेगळ्या वाडी-वस्त्यांवरच्या. मयताची बातमी कळली की पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला. दोघींनी ताबडतोब त्या घरी जायचं. जाताना पातळ साधं, पिशवीत ठराव आणि त्या माणसानं लिहून दिलेला कागद असेल तर तो.

आत गेल्यावर भाषण नाही. आधी घरातला कर्ता पुरुष बघा, थोरला दीर किंवा मुलगा. त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात: "दादा, आपला ठराव झालाय. वहिनींच्या अंगावरचं काही काढायचं नाही. कुणी काही म्हणालं तर ग्रामपंचायतीनं सांगितलंय म्हणा, आमच्यावर ढकला." ही शेवटची सोय फार महत्त्वाची आहे. घरच्यांना बहुतेकदा मनातून नकोच असतं, त्यांना फक्त दोष घेणारं कुणीतरी हवं असतं. आम्ही तो घेतो.

मग त्या बाईजवळ बसा. तिला त्या घडीला 'तुझी इच्छा काय' असं विचारू नका, ती काय सांगणार? काही काढायचंच असलं तर नंतर ती स्वतःच्या हातानं काढेल. त्या दिवशी एवढंच बघायचं, की दुसऱ्या कुणाचा हात पुढं येणार नाही.

माझी आई आता या साखळीत आहे. ती ठराव नेत नाही, काही बोलतही नाही. जाते आणि त्या बाईची दोन्ही मनगटं आपल्या हातात धरून बसते. तासन्‌तास. तिच्या हातातून मनगट काढून घ्यायला अजून कुणी पुढं आलेलं नाही. एकदा एका म्हातारीनं म्हटलं, "सोड की गं, उशीर होतोय." आई म्हणाली, "मला नाही होत."

प्रत्येक वेळी जमतं असं नाही. गेल्या पावसाळ्यात एका घरात आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. बाहेरून आवाज आला. चारच बांगड्या असाव्यात. तेराव्यानंतर मी पुन्हा त्या घरी गेले, निराधार योजनेच्या अर्जाचं निमित्त करून. तेव्हा घेतलं आत.

जातपंचायतीनं किंवा भावकीनं वाळीत टाकण्याची धमकी दिली तर मात्र गप्प बसू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरोधात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सासरच्यांनी घराबाहेर काढायचा घाट घातला तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला त्या घरात राहायचा हक्क मागता येतो. महिला हेल्पलाईन १८१. तालुका-जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००.

कागद, ज्याच्याकडं कुणी बघत नाही

बांगड्यांचा फोटो पेपरात येतो, फेरफाराचा, म्हणजे जमिनीवर वारसाचं नाव लागतं त्या नोंदीचा, येत नाही. पण 'आज काय हवंय' याचं उत्तर बहुतेकींनी इथंच दिलं होतं.

पहिला नियम आम्ही सगळ्या घरांत सांगतो: तेरावा होईपर्यंत कशावरही सही नाही, अंगठा नाही. हक्कसोडपत्रं नेमकी याच दिवसांत पुढं केली जातात. 'वहिनी, बँकेचं काम आहे, इथं सही करा.' हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबात माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा असतो. नंतर तिनं दुसरं लग्न केलं तरी मिळालेला वाटा परत जात नाही. हे वाक्य मी दिरासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या, प्रत्येक ठिकाणी एक लागते. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं तीन महिन्यांच्या आत द्या आणि पोच घ्या. अर्जात सगळ्या वारसांची नावं आली आहेत ना हे स्वतः वाचा. मुलींची नावं 'विसरली' जातात.

मग पासबुक. नवऱ्याच्या पासबुकात मेअखेरीला ४३६ रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांचं संरक्षण. २० रुपये कापलेले असतील आणि अपघातानं मृत्यू झाला असेल तर सुरक्षा विमा, तेही दोन लाख. कित्येक घरांना हे पैसे आपले आहेत हेच माहीत नसतं, कारण खातं उघडताना सही घेतलेली असते आणि सांगितलेलं काही नसतं. माझ्या हातून झालेल्या कामात सगळ्यात जास्त समाधान मला अशा एका नोंदीवर बोट ठेवण्यानं मिळालंय.

दारिद्र्यरेषेखालच्या घरात कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५०० रुपये. दोन्हींचे अर्ज तहसीलला. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. वर्षाला एकवीस हजारांत कुठलं घर चालतं हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही, पण दाखला काढून ठेवा.

हळदी-कुंकू आणि पत्रिका

ठराव झाला की कुणीतरी उत्साही माणूस 'विधवांचं जाहीर हळदी-कुंकू' ठेवतो. स्टेज, माईक, फोटोग्राफर, पाहुण्या बाईंच्या हस्ते कुंकू. मी असे दोन कार्यक्रम पाहिले. खुर्चीत बसवलेल्या बायकांचे चेहरे बघवत नाहीत. एकीनं तर पदरानं कपाळ झाकूनच घेतलं. माझं मत विचाराल तर वेगळं हळदी-कुंकू करूच नका. संक्रांतीला जे नेहमीचं असतं त्याचंच बोलावणं त्यांच्या दारात जाऊन द्या आणि त्या आल्या की इतरांसारखंच वाण द्या, एवढं पुरे. पहिल्या वर्षी दोघी येतील. येऊ दे.

लग्नपत्रिकेचंही तसंच. कुणाच्या नावाआधी 'सौ.' आणि कुणाच्या आधी 'गं. भा.' छापलं, की बाई मांडवात शिरायच्या आधीच तिची जागा ठरून जाते. माझ्या धाकट्या भावाच्या पत्रिकेचा मजकूर आम्ही छापखान्यात दिला तेव्हा ऑपरेटर पोरानं दोनदा विचारलं, "आईंच्या नावापुढं काय लावू?" नुसतं नाव लाव म्हटलं. मग बाकीच्या बायकांची 'सौ.' पण काढावी लागली, त्यावरून दोन काकू रुसल्या. हळदीच्या आदल्या रात्री त्यातली एक आली आणि म्हणाली, उद्या पहिली हळद तुझ्या आईनं लावायची म्हणतेस ते खरं का? खरं, म्हटलं. ती म्हणाली, "मग मी तिच्या शेजारी उभी राहते. एकटी बरी दिसायची नाही."

साखळीतले फोन नंबर दर सहा महिन्यांनी तपासा. लग्न होऊन मुली जातात, सिमकार्डं बदलतात. आमचं रजिस्टर अंगणवाडीत टांगलेलं आहे, पेन दोरीला बांधून.